एका फोटॉनमधून किती माहिती काढता येते? क्वांटम लिंकचा हिशोब कागदावर कसा मांडायचा

मी मूळचा फायबरवाला. गेली पंधरा-सोळा वर्षं मुंबईत केबल टाकणं, स्प्लाइसिंग करणं, ओटीडीआर लावून कुठे तुटलंय ते शोधणं हेच काम. पावसाळ्यात जेसीबीवाले आणि आम्ही यांचं काय नातं असतं ते तर विचारूच नका. मागच्या वर्षी एका कंपनीच्या प्रेझेंटेशनला बसलो होतो, नाव सोडा, तिथले साहेब छातीठोकपणे म्हणाले की क्यूबिटमध्ये (म्हणजे क्वांटम बिटमध्ये, आपल्या कामात तो एकेका फोटॉनवर, प्रकाशाच्या कणावर, बसवतात) अनंत माहिती बसते, क्वांटम लाइन आली की बँडविड्थची कटकट कायमची संपली. सगळ्यांनी माना डोलावल्या, खरं सांगतो, मीपण डोलावली. पण परत येताना कल्याण फास्टमध्ये दांड्याला लटकल्या लटकल्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की अरे बाबा, बसत असेल अनंत, पण काढायची कशी?

माझा भाचा कलिनाला एमएससी फिजिक्स करतो. त्याला पुढचे दोन-तीन महिने इतका पिडला की तो फोन उचलायचाच बंद झाला. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतोय, कारण कोणी क्वांटम लिंकबद्दल काहीही दावा केला तर दहा मिनिटात कागदावर तपासता आला पाहिजे. गणित फार नाहीये, लॉगरिदम असलेला मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

पायरी १ : आधी ठरवा, पाठवायचंय काय

ही पायरी लोक सरळ उडवतात आणि मग सगळा घोळ होतो. एकच लोकल असते पण तिच्यात माणसं किती मावतात आणि मालडब्यात माशांच्या टोपल्या किती मावतात ही दोन वेगळी गणितं. तसंच एकाच फायबरमधून साधे शून्य-एकवाले बिट पाठवायचेत, का क्यूबिटची अवस्था जशीच्या तशी दुसऱ्या टोकाला उतरवायचीय, का दोघांनाच माहीत असलेली सिक्रेट की तयार करायचीय, यावर उत्तर बदलतं. क्वांटममध्ये "चॅनेलची कपॅसिटी" असा एकच आकडा नसतो. शॅननने १९४८ मध्ये साध्या चॅनेलसाठी एक आकडा दिला आणि आपण आयुष्यभर तो वापरला, इथे मात्र प्रत्येक मालाला वेगळा आकडा आहे. म्हणून कोणी नुसतं "कपॅसिटी इतकी" म्हणालं की पहिला प्रश्न, कसली?

पायरी २ : क्यूबिट मोजा, त्यातले आकडे मोजू नका

हे घरी करून बघण्यासारखं आहे. लॅमिंग्टन रोडला मेलेले एलसीडी मॉनिटर मिळतात, त्यावरची पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश सोडणारी, सोलायची (चिकट असते, नखं जातात), आणि चालू लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवायची. एका कोनात स्क्रीन स्वच्छ दिसते, तिथून ९० अंश फिरवलं की काळीठिक्कर, आणि बरोबर मध्ये, ४५ अंशांवर, उजेड निम्मा. उजेडाचं ठीक आहे, त्यात कोट्यवधी फोटॉन असतात, निम्मे गेले निम्मे अडले. पण एकच फोटॉन आला तर? तो अर्धा जाऊ शकत नाही. एक तर जाईल नाहीतर अडेल, ४५ अंशांवर शक्यता फिफ्टी-फिफ्टी.

आता त्या साहेबांचं "अनंत" कुठून आलं ते बघा. फोटॉनचा कोन, म्हणजे तो कुठल्या दिशेने थरथरतो ते, ३७.२९४१ आणि पुढे कितीही दशांश असा काहीही ठेवता येतो, म्हणजे लिहिताना अख्खी लायब्ररी त्या दशांशांमध्ये कोंबता येते. पण वाचणाऱ्याच्या हातात काय, तर फिल्म एका कोनात लावायची आणि "गेला" किंवा "अडला" एवढं एकच उत्तर घ्यायचं, आणि ते घेताना मूळ कोन पुसला जातो, दुसऱ्यांदा विचारायची सोय नाही. रशियन गणिती अलेक्झांडर होलेवो यांनी १९७३ मध्ये याची पक्की मर्यादा सिद्ध केली, की नुसते १० क्यूबिट पाठवले तर दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त १० बिटच निघणार, मग मोजमाप कितीही हुशारीने करा. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो त्या दिवशी डोलावलेल्या मानेचा.

बरं, एक क्यूबिट म्हणजे एक बिट ही झाली वरची मर्यादा, प्रत्यक्षात कमीच मिळतं. समजा पाठवणारा शून्यासाठी उभा फोटॉन पाठवतो आणि एकसाठी ४५ अंश तिरका. हे दोघं एकमेकांपासून पूर्ण वेगळे नाहीत, त्यामुळे कुठलाही डिटेक्टर कसाही लावला तरी अंदाज बरोबर येण्याची कमाल शक्यता ८५.३६ टक्के. माहितीच्या भाषेत प्रत्येक फोटॉनमागे साधारण ०.४० बिट. होलेवोची मर्यादा याच जोडीसाठी ०.६० बिट येते. मी भाच्याला म्हटलं मग हे वरचे ०.२० गेले कुठे, तर तो म्हणाला, "मामा, एकेक फोटॉन सुटा मोजलास तर ०.४०, खूप सारे साठवून सगळ्यांचं मिळून एकच मोजमाप केलंस तर ०.६०च्या जवळ." असं जमतं हे होलेवो, शूमाकर आणि वेस्टमोरलँड यांनी १९९७-९८ च्या सुमारास दाखवलं. फक्त त्यासाठी फोटॉन धरून ठेवणारी क्वांटम मेमरी आणि सगळ्यांना एकत्र मोजणारं यंत्र लागतं, आणि बाजारातल्या रॅकमध्ये ते नसतं. म्हणून कागदावर दोन्ही आकडे लिहा पण बजेट ०.४०वर काढा.

पायरी ३ : आधी भरलेलं टॉपअप हिशोबात धरा

कोणी तरी नक्की म्हणणार की अहो एका क्यूबिटमधून दोन बिट जातात, पेपरात आलंय. बरोबर आहे, त्याला सुपरडेन्स कोडिंग म्हणतात, बेनेट आणि वीस्नर, १९९२. पण त्यात दोन्ही टोकांकडे एंटँगल्ड जोडीतला (म्हणजे ज्यांचे निकाल एकमेकांशी बांधलेले असतात अशा दोघांतला) एकेक फोटॉन आधीच पोचलेला असावा लागतो. म्हणजे दोन बिटांसाठी दोन क्यूबिट गेलेच, एक आत्ता गेला आणि एक आधी कधी तरी, रात्री लाइन मोकळी असताना. यात फसवणूक नाहीये, उलट उपयोगाचं आहे, पण रिचार्ज आधी मारून ठेवलेला असताना कॉल फुकट झाला म्हणण्यातला प्रकार आहे.

टेलिपोर्टेशन याच्या बरोबर उलटं, १९९३ मधलं. एंटँगल्ड जोडी आणि वर दोन साधे बिट खर्च केले की एक क्यूबिटची अवस्था पलीकडे उतरते. ते दोन बिट साध्या लाइनवरून, फोनवरून, कसेही पाठवा पण पाठवावेच लागतात, ते पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाकडे निव्वळ कचरा असतो. आणि नुसत्या एंटँगलमेंटमधून, काहीही न पाठवता, निरोप जात नाही. शून्य बिट. प्रकाशापेक्षा वेगवान निरोप वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते इथेच निकालात निघतं. यामागची गोष्ट भारी आहे, निक हर्बर्ट नावाच्या माणसाने असा वेगवान निरोप्या मांडला होता, त्यात चूक कुठे आहे ते शोधताना १९८२ मध्ये वूटर्स-झुरेक आणि डीक्स यांनी दाखवून दिलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची झेरॉक्स काढताच येत नाही. एका चुकीच्या आयडियाने विषयाला पाया दिला. आणि ही झेरॉक्सबंदी पुढच्या दोन्ही पायऱ्यांमध्ये आपल्याला नडणार आहे.

पायरी ४ : डीबी मोजा, इथे मी घरच्या मैदानावर

चांगल्या सिंगल मोड फायबरचा लॉस १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरला ०.२ डीबी (डेसिबल). तीन डीबी गेले की निम्मा प्रकाश गेला, १० डीबी गेले की दहावा हिस्सा उरला, २० ला शंभरावा. आमच्या नेहमीच्या कामात याचं टेन्शन नसतं, दर ८० किलोमीटरच्या आसपास ॲम्प्लिफायर ठोकला की सिग्नल परत तगडा. क्वांटममध्ये ॲम्प्लिफायर चालत नाही, कारण ॲम्प्लिफायर म्हणजे एका फोटॉनचे अनेक करणं म्हणजेच झेरॉक्स, आणि तो करायला गेलं की स्वतःचा नॉइज घालून अवस्था खराब करून ठेवतो. जे हरवलं ते हरवलं.

आता मुंबईचे आकडे घाला. कुलाब्याचं टीआयएफआर ते पवईचं आयआयटी सरळ रेषेत २७-२८ किलोमीटर, पण फायबर काय कावळ्यासारखं उडत जात नाही, रस्त्याने आणि डक्टमधून वळसे घेत जातं, ४० धरा. पुस्तकी लॉस ८ डीबी, म्हणजे १६ टक्के फोटॉन पोचणार. मी असलं पुस्तकी बजेट कधीच लिहीत नाही, मध्ये स्प्लाइस असतात, पॅच पॅनल असतात, कोणी तरी कधी तरी घाईत जोडलेलं असतं. १२ डीबी लिहा. पोचले ६.३ टक्के.

मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरलं तर ३० डीबी, हजारात एक. आणि समृद्धी महामार्गाच्या कडेने नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर सलग फायबर टाकलं असं समजा, तर १४० डीबी. सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले तरी पलीकडे साधारण २८ तासांतून एक पोचणार! तोपर्यंत डिटेक्टर काही नसताना उगाच कितीदा तरी क्लिक झालेला असतो, त्यामुळे तो एक आला तरी ओळखायचा कसा.

एक प्रसंग सांगतो. एका टेस्ट लिंकवर रात्रीत एरर वाढला आणि क्लिक घटले, सकाळी सगळे सॉफ्टवेअरला शिव्या देत होते. शेवटी मी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे वाकलो तर रॅकच्या दरवाजात पिवळी पॅचकॉर्ड चेपली होती, दरवाजा लावला की २.५ डीबी जायचे, उघडला की परत सगळं मस्त. आणि आम्ही तपासायला म्हणून दर वेळी दरवाजा उघडत होतो! साध्या डेटा लिंकमध्ये २.५ डीबीकडे कोणी ढुंकून बघत नाही, लिंक अप असते ना, झालं. इथे मात्र ४४ टक्के फोटॉन गेले.

पायरी ५ : निम्म्याची भिंत

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. समजा क्यूबिटची अवस्थाच पलीकडे पोचवायचीय, वाटेत काही फोटॉन हरवतात, कुठला हरवला हे घेणाऱ्याला कळतं, आणि उलट दिशेने काही कळवायची सोय नाही. साधे बिट पाठवले असते तर हरवण्याचं प्रमाण एकमधून वजा केलं की कपॅसिटी, ३० टक्के हरवले तर क्यूबिटमागे ०.७ बिट. पण अवस्था पाठवायची तर हरवण्याच्या प्रमाणाची दुप्पट वजा करायची, ३० टक्क्यांना उरतात फक्त ०.४. आणि ५० टक्के हरवले की शून्य. म्हणजे थोडं थोडं, कसंबसं, असंही नाही. शून्यच.

का, ते बिनगणिताचं पण कळतं. जे फोटॉन हरवले ते कुठे तरी गेलेच ना. समजा ते सगळे एका चोराने गोळा केले. निम्मे घेणाऱ्याकडे, निम्मे चोराकडे, दोघांची परिस्थिती अगदी सारखी. आता कुठल्याही कोडिंगने घेणाऱ्याला मूळ अवस्था परत उभी करता आली, तर त्याच कोडिंगने चोरालाही करता येईल, मग एकाच अवस्थेच्या दोन कॉप्या झाल्या. झेरॉक्सबंदी मोडली. म्हणून कोडिंग कितीही भारी आणा, जमणार नाही.

निम्मं म्हणजे ३ डीबी, म्हणजे चांगल्या फायबरचे १५ किलोमीटर, चर्चगेटहून निघालात तर वांद्रे. वांद्र्याच्या पुढे एकतर्फी क्वांटम कपॅसिटी बंद.

मग जगभर लोक शंभर-शंभर किलोमीटरवर क्वांटम की कशी पाठवतात? कारण ते उलट दिशेने बोलतात. "माझ्याकडे तिसरा आला, सातवा आला, बाकी सोड" एवढं साध्या लाइनवरून कळवलं की चोर आणि घेणारा यांच्यातली बरोबरी मोडते. तरीही छत आहेच. २०१७ मध्ये पिरांडोला आणि सहकाऱ्यांनी ते काढून दिलं, मध्ये रिपीटर (वाटेत मदत करणारं ठाणं) नसेल तर एका पल्समागे सिक्रेट कीचे जास्तीत जास्त किती बिट. कृती सोपी आहे, पोचण्याचं प्रमाण एकमधून वजा करा, आलेल्याचा २ च्या पायावर लॉग घ्या, वजा चिन्ह काढून टाका. लॉस जास्त असेल तर त्याचीही गरज नाही, पोचण्याच्या प्रमाणाला १.४४ ने गुणा. मुंबई-पुण्याला हजारात एक पोचतो, म्हणजे पल्समागे ०.००१४४ बिट, सेकंदाला १०० कोटी पल्स मारले तर १४.४ लाख बिट. कोणी याच्या वरचा आकडा थेट लिंकसाठी लिहून आणला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पायरी ६ : छताखाली प्रत्यक्ष काय उरतं

की बनवायची सगळ्यात जुनी पद्धत बीबी८४, बेनेट आणि ब्रासार यांची, आणि ती मांडली गेली १९८४ मध्ये आपल्या बंगळुरूच्या एका परिषदेत, हे मला माहीतच नव्हतं. पाठवणारा प्रत्येक फोटॉन दोनपैकी एका पद्धतीने ठेवतो, घेणारा आपल्या मनाने एक पद्धत निवडून मोजतो, नंतर फोनवर जुळवतात आणि पद्धत न जुळलेले फेकतात. मध्ये कोणी पकडून, मोजून, परत पाठवले तर उरलेल्यात २५ टक्के चुका दिसतात. एकूण चुका ११ टक्क्यांच्या वर गेल्या की नेहमीच्या पद्धतीने की निघत नाही.

कुलाबा-पवईला हे लावू. सेकंदाला १०० कोटी पल्स, पल्समागे सरासरी ०.५ फोटॉन कारण सोर्स म्हणजे मंद केलेला लेझरच असतो, ६.३ टक्के पोचले, डिटेक्टरने २० टक्के पकडले. गुणाकार करा, सेकंदाला ६३ लाख क्लिक. वा! पण थांबा. स्वस्त ॲव्हलांश डिटेक्टर एकदा क्लिक झाला की थोडा वेळ झोपतो, १० मायक्रोसेकंद झोपणारा असेल तर सेकंदाला एक लाखाच्या वर क्लिक तो देऊच शकत नाही. म्हणजे जवळच्या लिंकवर गळा आवळतो तो फायबर नाही, तुमचा डिटेक्टर. एक लाखातले निम्मे जुळवणीत गेले, उरलेल्यातून चुका दुरुस्त करायला आणि चोराला कळलं असेल तेवढं पिळून काढायला अजून जातात. समजा ३०,००० उरले. तेवढ्यात २५६ बिटांच्या एईएस (डेटा कुलूपबंद करायची नेहमीची पद्धत) की सेकंदाला शंभरच्या वर बदलता येतात, म्हणजे भरपूर. पण बिटामागे बिट खर्च करून व्हिडिओ कॉल लपवायचा म्हणाल तर विसरा.

आणखी एक, चालू डेटा असलेल्या फायबरमध्येच क्वांटम सिग्नल घुसवायचा असेल तर डेटाच्या लेझरचा रामन नॉइज (काचेत विखुरून रंग बदललेला प्रकाश) फोटॉनच्या डोक्यावर बसतो. डार्क फायबर, म्हणजे ज्यात दुसरा डेटा नाही असं, मागा, नाहीतर क्वांटम १३१० नॅनोमीटरला न्या, मात्र तिथे लॉस किलोमीटरला ०.३५ च्या आसपास असतो, पायरी ४ परत करा.

पायरी ७ : लांब जायचं असेल तर

मध्ये विश्वासाची ठाणी टाकणं हा सरधोपट उपाय, बीजिंग-शांघायची २००० किलोमीटरची लाइन तशीच आहे. प्रत्येक ठाण्यात की उघडी होते, म्हणजे ठाण्यातला माणूस विकला गेला तर खेळ खल्लास. दुसरा उपाय आकाशातून, हवा विरळ झाली की हवेमुळे होणारा लॉस जवळजवळ नाहीच, २०१६ मध्ये सोडलेल्या चीनच्या मिसियस उपग्रहाने १२०० किलोमीटर लांबच्या दोन ठिकाणी एंटँगल्ड फोटॉन पोचवले. आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६००३.६५ कोटींच्या नॅशनल क्वांटम मिशनमध्येही २००० किलोमीटरचं लक्ष्य आहे.

तिसरा उपाय मला पर्सनली सगळ्यात हुशार वाटतो, ट्विन-फील्ड, २०१८. मुंबईने आणि पुण्याने दोघांनीही मंद पल्स मध्ये लोणावळ्याला पाठवायचे, तिथे ते एकमेकांवर पडतात आणि एकच डिटेक्टर वाजतो. मग दर ठरतो तो पूर्ण लॉसवर नाही, त्याच्या वर्गमुळावर, हजारात एकऐवजी साधारण एकतिसात एक. लोणावळ्याच्या माणसावर विश्वास ठेवायचीही गरज नाही, त्याला फक्त "वाजला" एवढंच कळतं. पण दोन्हीकडच्या लेझरची फेज (लाटांची लय) जुळवून ठेवायची म्हणजे जीव जातो. २०२३ मध्ये चीनमध्ये याच पद्धतीने १००२ किलोमीटर गाठले, दर मात्र इतका बारीक की एका बिटाला काही मिनिटं लागावीत.

एक विचित्र गोष्ट राहिली. २००८ मध्ये स्मिथ आणि यार्ड यांनी दाखवलं की दोन चॅनेल असे असू शकतात, प्रत्येकाची क्वांटम कपॅसिटी शून्य, पण दोन्ही एकत्र वापरले तर शून्यापेक्षा जास्त! भाच्याला म्हटलं हे काय नवीन, तर म्हणे, "मामा, म्हणून तर अजून सगळ्या चॅनेलसाठी सरळ कॅल्क्युलेटरमध्ये घालता येईल असा फॉर्म्युला नाहीये." फायबरचा लॉस त्यातल्या त्यात सरळ केस आहे हे आपलं नशीब.

तर पुढच्या प्रेझेंटेशनला जाताना कागदावर एवढं लिहून न्या: कपॅसिटी कसली, साध्या बिटांची का अवस्थेची का कीची, एंटँगलमेंट आधी वाटलेलं धरलंय का, एकूण डीबी पुस्तकातले का ओटीडीआरने मोजलेले, डिटेक्टर क्लिकनंतर किती वेळ झोपतो, चुका किती टक्के आणि त्या किती तास मोजल्या, मध्ये ठाणी किती आणि ती कोणाच्या ताब्यात. आणि रॅकचा दरवाजा लावून मोजलंय का, हेपण विचारा.